मांजराचे पोट बिघडल्यास : घरगुती सौम्य आहार आणि त्याच्या मर्यादा

घरात कोणाचे पोट बिघडले की मराठी कुटुंबात उपचारांचा क्रम ठरलेला असतो. प्रथम लंघन, मग मऊ भात किंवा पेज, सोबत हिंग लावलेले ताक. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा क्रम माणसाच्या पोटाला मानवतो. घरातील मांजराला उलट्या किंवा जुलाब सुरू झाले की तेच हात त्याच मायेने तेच उपाय करू लागतात आणि नेमकी तेथेच चूक होते. मांजराला लंघन धोकादायक ठरू शकते, भात हा त्याच्या आहाराचा पाया होऊ शकत नाही, आणि दूध तर पुष्कळदा बिघाडाचे कारणच असते.

याचा अर्थ घरी शिजवलेले अन्न मांजराला देऊच नये, असा नव्हे. किरकोळ बिघाडात चार-पाच दिवस साध्या पाण्यात उकडलेले, मीठ-मसाला नसलेले कोंबडीचे मांस देणे हा पशुवैद्यकही अनेकदा सुचवितात असा उपाय आहे. प्रश्न आहे तो ते कसे शिजवावे, किती द्यावे आणि कोठे थांबावे याचा. यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण मांजराला हे अन्न आवडते, त्याची प्रकृती सुधारते आणि पाळणारा समाधानाने तेच पुढे महिनोन्‌महिने चालू ठेवतो. खरे नुकसान होते ते या टप्प्यावर, आणि ते बाहेरून लवकर दिसत नाही.

शिकाऱ्याचे पोट

आजचे पाळीव मांजर हे आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजराचे वंशज आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजराचा सांगाडा आढळला होता व त्याविषयीचा शोधनिबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. इतका दीर्घ सहवास लाभूनही मांजराचे पचन शिकाऱ्याचेच राहिले. कुत्रा माणसाच्या उष्ट्यावर वाढला आणि पिष्टमय पदार्थ पचविण्याची क्षमता काळाच्या ओघात त्याच्या अंगी आली. मांजर मात्र धान्याच्या कोठाराशी राहिले ते धान्य खाण्यासाठी नव्हे, तर धान्य खाणाऱ्या उंदरांसाठी. त्याचे आतडे तुलनेने आखूड आहे, आणि पिष्ट पचविणारी विकरे त्याच्या शरीरात बेताचीच असतात. त्याला गोड चवही कळत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले की, गोडाची चव ओळखण्यासाठी आवश्यक असणारा एक जनुक मांजरवर्गात निकामी झालेला आहे. श्रीखंडाच्या वाटीत तोंड घालणारे मांजर साखरेसाठी नव्हे, तर स्निग्धांशासाठी तेथे आलेले असते.

मांजराचे शरीर ऊर्जेसाठी मोठ्या प्रमाणात प्रथिनांवर अवलंबून असते. प्रथिने जाळण्याची त्याच्या यकृतातील यंत्रणा सतत चालू असते. अन्न कमी मिळाले म्हणून ती फारशी मंदावत नाही. परिणामी उपाशी मांजराचे शरीर स्वतःचेच स्नायू खर्ची घालू लागते. त्याच वेळी साठविलेली चरबी यकृताकडे धाव घेते, आणि मांजराच्या यकृताला तिचा निचरा करणे जमत नाही. यकृतात चरबी साचते, डोळ्यांचा पांढरा भाग व हिरड्या पिवळ्या पडू लागतात, आणि प्रसंगी मांजर दगावते. लठ्ठ मांजरात हा धोका अधिक असतो व सलग दोन-तीन दिवसांचा उपासही त्याला पुरेसा ठरू शकतो. म्हणूनच ‘आज काही देऊ नका, पोटाला विश्रांती मिळू द्या’ हा सल्ला मांजराच्या बाबतीत मोडीत काढावा लागतो. उलटी झाल्यानंतर काही तास अन्न न देणे वेगळे आणि दिवसभर उपाशी ठेवणे वेगळे.

दुधाचे प्रकरण याहून साधे आहे. पिल्लू आईच्या अंगावर पीत असते तोवर दुधातील लॅक्टोज ही शर्करा पचविणारे विकर त्याच्या आतड्यात भरपूर असते. दूध तुटल्यावर ते कमी होत जाते. न पचलेली शर्करा आतड्यात पाणी ओढून घेते, तेथील जीवाणू तिला आंबवितात आणि पातळ शौच सुरू होते. सर्वच मांजरांना हा त्रास होतो असे नाही. काहींना थोडे दूध पचते. तथापि जुलाब होत असलेल्या मांजराची पहाटेची दुधाची बशी आणि दुपारची दूध-पोळी बंद करणे हा पहिला उपाय होय, आणि कित्येक घरांत तेवढ्यानेच काम भागते.

येथे एका हंगामी गोष्टीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. श्रावणात अनेक मराठी घरांत मांस-मासळी येत नाही. उत्तर भारतात नवरात्रात, तर काही समाजांत कार्तिकातही असेच असते. एरवी मासळीच्या डोक्यांवर व मटणाच्या तुकड्यांवर वाढलेले मांजर एका दिवसात दूध-भातावर येते, आणि महिना संपताच तितक्याच अचानक तिखट रश्श्यातील मांसाकडे परतते. पोटाच्या दृष्टीने हे दोन्ही बदल वाईट. घरच्यांचे व्रत मांजराला लागू होत नाही, एवढे मान्य केले तरी पुष्कळ त्रास टळेल.

साधे मांस, साधे पाणी

सौम्य आहाराची कृती सोपी आहे. तिच्यातील कारणे मात्र समजून घेण्याजोगी आहेत. कोंबडीच्या छातीचे बिनहाडाचे मांस घेऊन त्याची कातडी व दिसणारी चरबी काढावी. त्याचे लहान तुकडे करून ते बुडतील एवढ्याच पाण्यात घालावेत आणि उकळी आल्यानंतर मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे शिजू द्यावेत. तुकडा मोडला असता आत गुलाबी रंग राहता कामा नये. मीठ, हळद, तेल, आले यांपैकी काहीही घालू नये. निवल्यावर मांस हाताने बारीक तोडावे व त्यात हाडाची कपची राहिली नसल्याची खात्री करून घ्यावी.

मांस शिजलेले पाणी मात्र टाकू नये. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराला अन्नातूनच मिळवावे लागते. ते पाण्यात सहज विरघळते, आणि मांस उकडताना त्याचा बराच अंश पाण्यात उतरतो. भरपूर पाण्यात उकडून ते पाणी मोरीत ओतले, तर मांजराच्या वाट्याला चोथा येतो. म्हणून पाणी कमी घ्यावे, ते थंड करून वर जमलेली चरबी काढावी आणि उरलेले पाणी मांसावर ओतून द्यावे. यात दुसराही लाभ आहे. मांजर मूळचे कोरड्या प्रदेशातील प्राणी असल्याने त्याला तहान कमी लागते. शिकारीच्या मांसातूनच ते आपली बरीच गरज भागविते. जुलाबाने शरीरातील पाणी कमी झालेले असताना बशीतील पाण्याकडे पाठ फिरविणारे मांजर हे कोमट पाणी मात्र बहुधा चाटून पुसून पिते.

महाराष्ट्रातील वाचकांच्या मनात येथे ‘अळणी’ पाण्याची आठवण येणे स्वाभाविक आहे. मटण शिजवताना मसाला घालण्यापूर्वी बाजूला काढलेले हे पाणी लहान मुलांना व आजाऱ्यांना दिले जाते. मग ते मांजराला का नको? अडचण अशी की, नावाने अळणी असले तरी त्या पातेल्यात बहुधा कांदा, आले-लसूण, हळद आणि मीठ आधीच पडलेले असते. कांदा व लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्ये मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. कच्चे असो, शिजवलेले असो वा वाळवून केलेली पूड असो, परिणाम टळत नाही, आणि थोडे थोडे रोज पोटात गेले तरी तो साचत जातो. हिरड्या फिकट पडणे, धाप लागणे, लघवीचा रंग गडद होणे ही त्याची लक्षणे होत. मांजराचे मांस वेगळ्या भांड्यात शिजवावे, किंवा निदान फोडणीपूर्वीच बाजूला काढावे, या नियमाला अपवाद नाही.

किती द्यावे याचा हिशेब करणे अवघड नाही. चार किलो वजनाच्या, घरातच वावरणाऱ्या प्रौढ मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी पुरतात. उकडलेल्या छातीच्या १०० ग्रॅम मांसातून सुमारे १६५ किलोकॅलरी मिळतात. म्हणजे दिवसभरात १२० ते १५० ग्रॅम शिजलेले मांस झाले. पण पोट बिघडले असता पहिल्याच दिवशी हे सर्व देण्याची घाई करू नये. चहाच्या एक-दोन चमच्यांएवढे मांस दर तीन-चार तासांनी द्यावे. ते टिकले की प्रमाण वाढवावे. लहान घास मांजराच्या स्वभावाला धरूनच आहे. एका उंदरात अवघ्या ३० किलोकॅलरी असतात, आणि रानात शिकार करणारे मांजर दिवसभरात असे अनेक लहान भोजनप्रसंग साधत असते. सकाळ-संध्याकाळ भरपेट जेवण ही माणसाची सोय आहे.

अन्न फ्रीजमधून काढून तसेच देऊ नये. नुकत्याच मारलेल्या भक्ष्याइतके, म्हणजे शरीराच्या उष्णतेइतके, ते कोमट असावे. कोमट अन्नाचा वास दरवळतो आणि मळमळणारे मांजर चवीपेक्षा वासानेच खाण्यास प्रवृत्त होते. शिजवलेले मांस फ्रीजमध्ये दोन दिवसांपर्यंत राहते. त्याहून अधिक केले असल्यास लहान वाट्यांतून गोठवून ठेवणे बरे. उन्हाळ्यात बशीत उरलेले अन्न अर्ध्या-पाऊण तासाने उचलून टाकावे.

भात घालावा की नाही, याविषयी मते वेगवेगळी आहेत. शिजवून मऊ केलेला भात मांजराला थोड्या प्रमाणात पचतो, त्यामुळे चार भाग मांसाला एक भाग भात याने अपाय होत नाही. पण त्याची गरजही नसते, आणि भाताने वाटी भरली की मांसाचे प्रमाण घटते. ‘उकडलेली कोंबडी आणि भात’ हा प्रसिद्ध सल्ला मुळात कुत्र्यांसाठीचा आहे. चरबीच्या बाबतीतही असाच फरक आढळतो. पोट बिघडलेल्या कुत्र्याला चरबी कमी देणे हिताचे असते. मांजरांविषयी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र, जुनाट जुलाब असलेल्या मांजरांना कमी व अधिक चरबीचा आहार देऊन पाहिला असता परिणामात फरक दिसला नाही. तेव्हा कातडी काढणे इष्ट असले, तरी चरबीचा एखादा थेंब राहिला म्हणून चिंता करण्याचे कारण नाही.

लाल भोपळा बिनसालीचा वाफवून, कुस्करून चहाच्या एका चमच्याएवढा मिसळल्यास त्यातील तंतू काही मांजरांना उपयोगी पडतात. गुजरातमध्ये मोठ्या प्रमाणावर पिकणारा ईसबगोलही बद्धकोष्ठ किंवा मोठ्या आतड्याचा दाह असलेल्या मांजरांना पशुवैद्यक देतात; मात्र तो नीट भिजवूनच द्यावा लागतो व प्रमाण त्यांनीच ठरवावे. ताजे गोड दही एखादा चमचा चालते. त्याने जुलाब थांबतीलच, असे समजू नये.

मासळी, अंडे आणि कलेजी

कोकण, गोवा, बंगाल किंवा केरळ येथील घरांत मांजर आणि मासळी ही जोडी अभेद्य आहे. काटे पूर्ण काढलेली, उकडलेली, फिक्या मांसाची मासळी सौम्य आहार म्हणून चालते. अडचण कच्च्या मासळीची. अनेक जातींच्या कच्च्या मासळीत थायामिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. अशी मासळी काही आठवडे मुख्य अन्न म्हणून दिली गेल्यास मांजराची मान खाली झुकते, तोल जातो, झटके येतात. शिजवल्याने ते विकर निष्प्रभ होते. तेलकट मासळीच रोज खाणाऱ्या मांजराला ‘ई’ जीवनसत्त्व अपुरे पडून शरीरातील चरबीचाच दाह होतो. अशा मांजराला नुसता हात लावला तरी वेदना होतात. माणसांसाठी डबाबंद केलेली ट्युना मासळी रोज देण्याविरुद्ध पशुवैद्यक इशारा देतात, त्यामागेही हेच कारण आहे.

कोंबडीची कलेजी स्वस्त मिळते आणि मांजर तिच्यावर तुटून पडते. पण यकृतात ‘अ’ जीवनसत्त्व अतिशय दाट असते. मांजराला गाजर-भोपळ्यातील रंगद्रव्यापासून हे जीवनसत्त्व तयार करता येत नाही, म्हणून थोडी कलेजी त्याला उपकारकच असते. मात्र केवळ कलेजीवर वाढविलेल्या मांजरांच्या मानेचे मणके कालांतराने एकमेकांस जुळून ताठ होतात, असे निरीक्षण अनेक दशकांपूर्वीच नोंदविले गेले आहे. अंग चाटून स्वच्छ न करणारे, मान वळवू न शकणारे मांजर आळशी झाले नसून आजारी असू शकते. पोट बिघडलेले असताना तर कलेजी टाळलेलीच बरी, कारण तिच्याने शौच आणखी पातळ होते.

ज्या घरांत मांस शिजविले जात नाही, तेथे पूर्ण उकडलेले अंडे हा एक मार्ग आहे. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग देऊ नये. त्यातील एक प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व बांधून ठेवते, आणि साल्मोनेला जीवाणूंचा धोका असतो तो वेगळाच. अंडेही चालत नसेल, तर स्वयंपाकघरात पर्याय उरत नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. वरण-भात, पोळी, पनीर यांच्या आधारे मांजराचा पूर्ण आहार तयार होऊ शकत नाही. अशा कुटुंबांनी मांजरांसाठीचे तयार, पूर्ण व संतुलित अन्न आणणे हा सरळ मार्ग होय. संवेदनशील पोटासाठीचे त्यातील प्रकारही बाजारात मिळतात आणि घरात काही शिजविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

कच्चे मांस ‘नैसर्गिक’ म्हणून देण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांतून आपल्याकडेही आली आहे. बिघडलेल्या पोटाच्या मांजराला ते देऊ नये, हे तर खरेच. पण गेल्या काही वर्षांतील घटनांनी निरोगी मांजरांच्या बाबतीतही हा विषय गंभीर केला आहे. पोलंडमध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात अनेक पाळीव मांजरे एच५एन१ या बर्ड फ्ल्यूच्या विषाणूने दगावली. अमेरिकेत टेक्सासमधील दुग्धव्यवसायाच्या ठिकाणी २०२४ मध्ये बाधित गायींचे कच्चे दूध प्यायलेली मांजरे मरण पावली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळच्या गोरेवाडा येथील केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या दगावले आणि भोपाळ येथील राष्ट्रीय पशुरोग प्रयोगशाळेच्या तपासणीत एच५एन१ हेच कारण निष्पन्न झाले. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे पाळीव मांजरांतही हा विषाणू आढळला. मांस आतपर्यंत पूर्ण शिजविल्यास हा विषाणू टिकत नाही. कोंबडी कापताना गळणारे पाणी, टाकलेली आतडी व पिसे यांपासूनही मांजराला दूर ठेवावे.

चार दिवसांनंतर

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. हे अन्न इतके मानवते, तर तेच नेहमीसाठी का नको?

याचे उत्तर विज्ञानाला टप्प्याटप्प्याने मिळाले. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात, दुधातील केसीन हे प्रथिन मुख्य असलेल्या आहारावर ठेवलेल्या मांजरांच्या डोळ्यांतील दृष्टिपटल झिजत असल्याचे व त्यामागे टॉरिनची कमतरता असल्याचे दाखविण्यात आले. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, हृदय फुगून निकामी होणाऱ्या मांजरांचा संबंध याच द्रव्याशी जोडला. टॉरिन दिल्यावर यांपैकी अनेक मांजरांची हृदये पूर्ववत काम करू लागली. विशेष म्हणजे ही मांजरे घरच्या उष्ट्यावर नव्हे, तर त्या काळी पुरेसे मानल्या गेलेल्या तयार अन्नावर वाढली होती. त्यानंतर उत्पादकांनी टॉरिनचे प्रमाण वाढविले आणि हा रोग झपाट्याने कमी झाला. मोठ्या कारखान्यांनाही जे वर्षानुवर्षे उमगले नव्हते, ते घरच्या पातेल्यात अंदाजाने साधेल, ही अपेक्षा फार मोठी आहे.

टॉरिन हा एक घटक झाला. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प असते. शिकारी मांजर उंदीर हाडांसकट खाते, त्यामुळे त्याचा तोल राखला जातो. बिनहाडाच्या मांसात तो राहत नाही. शरीर मग रक्तातील कॅल्शियम टिकविण्यासाठी हाडांतून ते काढून घेऊ लागते. वाढत्या पिल्लांत हे काही आठवड्यांतच दिसते. ती लंगडतात, उडी मारण्यास घाबरतात, आणि पलंगावरून खाली उतरतानाही त्यांचे हाड मोडते. कौतुकाने फक्त उत्तम कोंबडी खाऊ घातलेले पिल्लू क्ष-किरण चित्रात कागदासारख्या पातळ हाडांचे निघावे, याइतका विपरीत प्रसंग पशुवैद्यकाच्या टेबलावर क्वचितच येत असेल. आयोडीन, तांबे, जस्त, ‘ड’ व ‘ई’ जीवनसत्त्वे यांचा हिशेब त्यापुढचा.

पुस्तकांतून व इंटरनेटवरून मिळणाऱ्या पाककृतींवर विसंबावे, तर तेथेही निराशाच पदरी पडते. डेव्हिस येथीलच संशोधकांनी २०१९ मध्ये मांजरांसाठीच्या ११४ घरगुती पाककृती तपासल्या. त्यांतील ९४ कृतींत विश्लेषण करण्याइतका तपशील होता, आणि त्यांपैकी एकही कृती सर्व आवश्यक पोषकद्रव्ये शिफारशीइतक्या प्रमाणात पुरविणारी निघाली नाही. काही कृतींत तर चक्क कांदा-लसणाच्या वर्गातील पदार्थ होते. कायमचा घरगुती आहार अशक्य आहे, असे या अभ्यासाने सिद्ध होत नाही. पशुपोषणतज्ज्ञाने त्या विशिष्ट मांजरासाठी ग्रॅममध्ये आखून दिलेली, पूरक द्रव्यांसह असलेली कृती चालू शकते. मात्र ती अक्षरशः पाळावी लागते. आज हे नाही म्हणून ते, असा बदल तिच्यात करून चालत नाही.

म्हणूनच नुसते उकडलेले मांस प्रौढ मांजराला तीन ते पाच दिवस द्यावे, आणि पूरक द्रव्यांवाचून एक-दोन आठवड्यांपलीकडे नेऊ नये, अशी मर्यादा सांगितली जाते. शौच बांधून होऊ लागल्यावर पूर्वीचे अन्न एकदम सुरू करू नये. आरंभी तीन भाग मांस व एक भाग नेहमीचे अन्न, दोन दिवसांनी निम्मे-निम्मे, आणखी दोन दिवसांनी उलट प्रमाण, अशा रीतीने सात ते दहा दिवसांत परत यावे. मध्येच जुलाब सुरू झाल्यास आधीच्या पायरीवर थांबावे.

पुन्हा पुन्हा पोट बिघडत असेल, तर प्रश्न सौम्य आहाराचा राहत नाही. जंत, जिआर्डियासारखे परजीवी, आतड्याचा दीर्घकालीन दाह, वयस्क मांजरात थायरॉइड ग्रंथीचा विकार किंवा मूत्रपिंडाचा रोग अशी अनेक कारणे संभवतात. अन्नाची अॅलर्जी हेही त्यांपैकी एक. मांजरांत गोवंशाचे मांस, मासळी आणि कोंबडी हे अॅलर्जीचे प्रमुख कारक आढळले आहेत. म्हणजे ज्या मांजराला कोंबडीच सोसत नाही, त्याला कोंबडी कितीही सौम्य उकडून दिली तरी व्यर्थ. अशा वेळी पशुवैद्यक पूर्वी कधीही न खाल्लेले एकच मांस, उदाहरणार्थ केवळ कोंबडीवर वाढलेल्या मांजरास बोकडाचे, काही आठवडे देऊन पाहतात. या काळात शेजाऱ्यांनी प्रेमाने घातलेला मासळीचा एक तुकडाही सारा प्रयोग निष्फळ करतो. इमारतीत चार घरी फिरणाऱ्या मांजराच्या बाबतीत ही परीक्षा जवळजवळ अशक्यच असते.

पशुवैद्यकाकडे केव्हा न्यावे

प्रौढ मांजराने चोवीस तास काहीही खाल्ले नाही, उलट्या थांबत नाहीत, शौचात रक्त आहे, मांजर कोपऱ्यात दडून बसले आहे किंवा हिरड्या पांढुरक्या अथवा पिवळ्या दिसत आहेत, यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपाय थांबवावेत. लहान पिल्लाच्या बाबतीत चोवीस तास वाट पाहणेही योग्य नाही. लस न टोचलेल्या पिल्लाला उलट्या, जुलाब व ताप एकदम सुरू झाल्यास तो पॅनल्यूकोपेनिया असू शकतो. या रोगात पिल्लू एक-दोन दिवसांतच हातचे जाते आणि उकडलेल्या मांसाचा तेथे काही उपयोग नसतो.

एका गैरसमजाचा विशेष उल्लेख केला पाहिजे. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन कुंथताना दिसला की घरच्यांना ते बद्धकोष्ठ वाटते, आणि भोपळा, तूप, ईसबगोल असे उपाय सुरू होतात. पुष्कळदा त्याची लघवी तुंबलेली असते. तुंबलेल्या लघवीने एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. ट्रेमधील माती ओली झाली आहे की नाही, एवढे पाहिले तरी या दोहोंतील फरक कळण्यास मदत होते. शंका असल्यास रात्रीही दवाखाना गाठावा.

माणसांची औषधे देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणे आहे. अर्धी गोळीही पुरेशी ठरते. माणसांच्या जुलाबावरील गोळ्यांबाबतही स्वतःच्या अंदाजाने प्रयोग करू नये.

खासगी दवाखाना परवडत नसल्यास किंवा निदान अवघड असल्यास शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचा पर्याय उपलब्ध असतो. मुंबईत परळ येथील महाविद्यालय १८८६ पासून, तर चेन्नईतील वेपेरी येथील महाविद्यालय १९०३ पासून कार्यरत आहे. नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथेही अशी महाविद्यालये आहेत. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगर येथे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आहे. या संस्थेची सुरुवात १८८९ मध्ये पुण्यात झाली होती, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

जाताना मांजराचे ताजे शौच लहान स्वच्छ डबीत घ्यावे; जंत व परजीवींचा शोध त्यावरूनच लागतो. गेल्या आठवड्यात मांजराने काय काय खाल्ले, याची नोंद कागदावर लिहून न्यावी. तीत दुधाची बशी, बिस्किटाचा तुकडा आणि शेजारच्या घरची मासळी यांचाही समावेश असावा.